स्मरणचित्र

गेल्या महिन्याभरात तीन फोन आले. एक नांदेडच्या मावसबहिणीचा, एक नवऱ्याच्या मित्राचा आणि तिसरा थेट माझ्या शाळेतल्या एका पालकाचा. तिघांचाही प्रश्न एकच, "तुमच्या चिऊला ते इंटीरियरचं कसं काय मिळालं? काय काय करावं लागतं?" तिघांनाही अर्धा अर्धा तास सांगितलं. आणि तिन्ही वेळा फोन ठेवल्यावर वाटलं, की फॉर्म, फी, तारखा सगळं सांगून झालं, पण खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. म्हणजे पुढच्या वेळी "वाचा आणि मग बोला" म्हणता येईल. (मावशे, हे तुझ्यासाठीसुद्धा आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय म्हणून सूट नाही.)

तर सुरुवातीपासून सांगते.

चिऊची दहावी २०२१ ची. म्हणजे त्या वर्षी कोरोनामुळे परीक्षा झालीच नाही, शाळेने दिलेल्या मार्कांवर निकाल लागला. तिला ९४ टक्के पडले. आमच्याकडे दहावीला नव्वदच्या वर गेलं की पोरांपुढे दोनच रस्ते असतात, लातूर नाहीतर नांदेड. तिसरा रस्ता असू शकतो हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणतो आम्ही मोठ्या तोंडाने, पण पोरं हुशार निघाली की पहिलं काम त्यांना परभणीबाहेर पाठवण्याचं! तिला लातूरला पाठवायचा हट्ट माझाच होता हे आधीच कबूल करते. नवरा नुसता "बघ बुवा" म्हणाला होता. हॉस्टेल मी बघितलं, पैसे मी भरले, गादी-बादली-कुकरचा डबा मी नेऊन दिला. आणि परत येताना एसटीत रडलेही मीच.

२०२२ च्या होळीला ती घरी आली ती वाळूनच. काही बोलेना. पुरणपोळी समोर ठेवली तर अर्धी खाल्ली. रात्री तिच्या बॅगेतले कपडे धुवायला काढताना फिजिक्सची वही हातात आली. आईची जात, बघितली उघडून. पुढची पंधरा-वीस पानं सूत्रं, गणितं. मागच्या पानांवर मात्र एकच खोली काढलेली. वरून बघितल्यासारखी. सहा कॉट, सहा पत्र्याची कपाटं, एक खिडकी, एक दार. पहिल्या पानावर खोली होती तशी. दुसऱ्या पानावर कॉट फिरवलेल्या. तिसऱ्यावर कपाटं भिंतीकडून काढून मध्ये आणलेली. अशा आठ-नऊ तऱ्हा. बाण काढून उजेड कुठून कुठे जातो ते दाखवलेलं. एका पानावर लिहिलं होतं, "अशी मांडणी केली तर सहाही जणींना थोडा थोडा उजेड मिळतो." आणि शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, "पण इथे कुणालाच एकटं बसता येत नाही."

मी वही होती तिथे ठेवून दिली. रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी तिला विचारलं, "परत जायचंय का?" ती म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "मग काय करायचंय?" तर म्हणाली, "खोल्या." मला आधी कळेचना. खोल्या म्हणजे काय? बांधायच्या? "बांधायच्या नाही गं आई. बांधलेल्या असतात त्यात माणसं नीट कशी राहतील ते."

आमच्या घरात हे ऐकून जे व्हायचं तेच झालं. नवरा म्हणाला, "म्हणजे पडदे लावायचं शिक्षण? त्याला चार वर्षं?" दिरांनी "आपल्याकडे फर्निचरवाले आहेत की, दोन महिन्यांत शिकवतील" असं सुनावलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई (आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात), त्यांनी मात्र काहीच म्हटलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "लेकरू घरी आलं ना, मग झालं."

आता माहितीचं. ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद नीट वाचा.

आम्ही दोन ठिकाणं धरली. एक अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था. तिथे फर्निचर आणि इंटीरियर डिझाइन हा एक विषय आहे. प्रवेश परीक्षा दोन टप्प्यांत. आधी पेपर, त्यात सामान्यज्ञान, तर्काचे प्रश्न आणि चित्रं काढायची. त्यातून निवडलेल्यांना दुसऱ्या टप्प्याला बोलावतात, तिथे समोर सामान ठेवून हाताने काहीतरी करून दाखवायचं असतं. आणि आत गेल्यावरही पहिलं वर्ष पायाभूत अभ्यासाचं असतं, विषय मग मिळतो. दुसरं ठिकाण म्हणजे मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय, जे. जे. तिथे बी.एफ.ए. ला 'इंटीरियर डेकोरेशन' हा शाखेचाच विषय आहे. त्याला राज्याची कला शाखेची सीईटी द्यावी लागते. पेपर चार : वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान.

हे वाचून माझ्या पिढीतल्यांना काहीतरी आठवलं असेल. बरोब्बर! एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट! कला संचालनालयाच्या त्या ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षा. शाळेत असताना आपण सगळ्यांनी त्या दिल्यात, पोस्टर कलरच्या बाटल्या आणि पाण्याचा डबा घेऊन. आपल्याला वाटायचं सर्टिफिकेट मिळवण्यापुरतंच आहे ते. पण वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ही नावं तिथलीच. म्हणजे परभणीसारख्या जिल्ह्यातल्या पोराला या परीक्षेचं काहीच माहीत नसतं असं नाही. निम्मी तयारी शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी नकळत करून घेतलेली असते. ज्यांच्या घरी आठवी-नववीतली मुलं आहेत त्यांनी या परीक्षा चुकवू नयेत.

आणि जे. जे. बद्दल एक गोष्ट, जी मलाही तेव्हाच कळली. ते कॉलेज १८५७ साली सुरू झालं, सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. हस्तकला आणि कारागिरी सुधारावी असा त्यामागे हेतू होता. कारागिरी! म्हणजे आपला सुतार, कुंभार, तांबट. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो कृषी विद्यापीठात नोकरीला आहे, त्याला जुन्या संस्थांबद्दल फार आदर. पडद्यांचा विषय त्या दिवसापुरता बंद झाला.

असो. आता मुद्द्यावर येते.

तयारीसाठी आम्ही एक ऑनलाइन क्लास लावला. मोठ्या शहरातला, नावाजलेला, फी विचारू नका. नाव घेत नाही, त्यांची त्यांना लखलाभ. त्यांनी पहिल्याच महिन्यात चाळीस स्मरणचित्रांचा एक संच पाठवला. बाग, बाजार, बसस्टॉप, रेल्वे स्टेशन, लग्नाचा हॉल, हॉटेल. सगळ्यांत तीच तीच माणसं. एक बाई पिशवी घेऊन, एक माणूस छत्री घेऊन, एक मूल फुगा घेऊन. हे पाठ करायचं. विषय काहीही येवो, यातलं चित्र उतरवायचं. चिऊने इमानदारीने पाठ केलं. दोन महिन्यांत ती इतकी झरझर काढायला लागली की मी खूश! म्हटलं, पैसे वसूल.

मग एका रविवारी ती शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांना भेटायला गेली. सर रिटायर झालेत. मीही सोबत होते. सरांनी चित्रं एकेक करून बघितली. बसस्टॉपच्या चित्रावर थांबले. काचेचं छत, स्टीलचे बाक, छत्रीवाला माणूस. सर म्हणाले, "असला बसस्टॉप तू कुठं पाहिलास?" चिऊ गप्प. सर म्हणाले, "आपल्या स्टँडवर बाई उभी असते तेव्हा ती पदर कुठं घेते? पिशवी कुठं ठेवते? लेकराला कोणत्या पायाशी धरते? उन्हात उभी का सावलीत?" चिऊ गप्पच. सर म्हणाले, "पेपरचं नाव स्मरणचित्र आहे, पाठांतरचित्र नाही. जे पाह्यलंच नाही ते आठवणार कसं?"

येताना चिऊ रिक्षात एक शब्द बोलली नाही. मलाच सरांचा राग आला होता. एवढी फी भरलेली!

पण त्यानंतर तिने क्लासचा संच कपाटावर टाकला. सरांनी तिला एकच गृहपाठ दिला होता : रोज एक जागा बघायची. काढायची नाही, आधी फक्त अर्धा तास बघायची. कोण येतं, कुठं बसतं, काय कुठं ठेवतं. मग घरी येऊन आठवून काढायची.

मग काय, आमच्या घरात हेरगिरीच सुरू झाली. ती सकाळी भाजी मंडईत जाऊन बसायची. दवाखान्यात, स्टेशनवर, पिठाच्या गिरणीत. गिरणीच्या चित्रात तिने डब्यांची रांग काढली होती. माणसं बाहेर सावलीला आणि त्यांच्या जागी त्यांचे डबे नंबर लावून उभे. मी इतकी वर्षं दळण आणते, पण ते चित्र बघून हसायलाच आलं. एकदा सरांबरोबर चार-पाच मुलं चारठाण्याला जाऊन आली. जिंतूर तालुक्यात आहे ते, हेमाडपंती देवळांचं गाव. सगळ्यांनी देवळाचे खांब काढले. आमच्या बाईसाहेबांनी बारवेच्या पायऱ्या काढल्या आणि कुठल्या पायरीवर किती वाजेपर्यंत सावली असते ते लिहून आणलं.

त्याच दिवसांत तिला कुठूनतरी एक गोष्ट सापडली. एनआयडी निघाली १९६१ साली. त्याआधी सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर नवरा-बायकोला बोलावलं होतं. ते देशभर फिरले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. एवढा देश फिरून त्यांना सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू कोणती? तर लोटा! आपला तांब्या. तो डोक्यावर, कमरेवर, हातात कसा धरतात, त्यातून पाणी कसं ओततात, तो रिकामा असताना आणि भरलेला असताना हाताला कसा लागतो, घासायला कसा आहे, या सगळ्याचा विचार त्यात आहे, आणि तो कुणा एकाने केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी केलाय, असं त्यांचं म्हणणं. चिऊ हे सांगत असताना आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मंग? स्टीलच्या गिलासाला हात पोळत न्हाई का?" झालं! अमेरिकेचा अहवाल एका वाक्यात संपला.

दिवाळीत आम्ही गावी गेलो. आमचं गाव सेलू तालुक्यात. तिथलं घर म्हणजे जुनं माळवद. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते : जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, वर तुळया आणि फळ्या, त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात परभणीला पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हाही आत गार. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर किती मोठं ते खणांत सांगायचं. पुढे ढेलज, मग ओसरी, आत माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या छताला एक साणं, म्हणजे धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेलं भोक. भिंतीत कोनाडे, धान्याला बळद. ते घर पाडायचं ठरलं होतं. गळत होतं, वाळवी लागली होती, आणि वाटणीही झाली होती. शेजारी धाकट्या दिरांचा स्लॅबचा पाया भरून झाला होता.

चिऊने चार दिवस घर मोजलं. टेप घेऊन, धाकट्या चुलतभावाला टेपचं दुसरं टोक धरायला लावून. आत्याबाई चुलीपुढे बसून बघत होत्या. "काय मोजायलीस गं माय? पाडायचंच हाय की ते." ती म्हणाली, "म्हणूनच मोजायलेय आजी."

चौथ्या दिवशी तिने मोठ्या कागदावर घराचा नकाशा काढला. आणि मग रंगीत पेन्सिली घेतल्या. घरातल्या प्रत्येकाला एक रंग. सकाळपासून रात्रीपर्यंत कोण कुठे किती वेळ बसलं होतं तिथे तिने ठिपके दिले होते, दर पाव तासाला एक. निळा रंग मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा. ओसरीच्या एका कोपऱ्यात निळे ठिपके इतके की कागद निळाच झालेला. दिरांचे हिरवे, ढेलजेत आणि ओसरीत. पोरांचे पिवळे, सगळीकडे. आत्याबाईंचा लाल रंग चुलीपुढे, न्हाणीत आणि मागच्या उंबऱ्यावर. ओसरीत लाल ठिपका एकही नाही. लाल रेघ होती, येण्या-जाण्याची. बसण्याची नाही.

आम्ही सगळे त्या कागदाभोवती उभे होतो. मामंजी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही मागच्या उंबऱ्यावर कामून बसते?" पन्नासहून जास्त वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न! आत्याबाई म्हणाल्या, "तिथं वारं लागतं. आन् गल्लीतलं माणूस दिसतं, पर त्याला मी दिसत न्हाई." विषय तिथेच थांबला. पण त्या संध्याकाळी मामंजींनी ओसरीतून हाक मारली, "इकडं येऊन बस जरा." त्या गेल्या नाहीत. "भाजी टाकायचीय" म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा मी बघितला होता.

मला हे सगळं फार आवडलं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो नकाशा दाखवत सुटले. बघा, माझ्या लेकीने कसं पकडलं! आणि हे कौतुक परभणीला परत येईपर्यंतच टिकलं.

कारण परत आल्यावर तिने आमचं परभणीचं घर घेतलं. साधं तीन खोल्यांचं घर आहे. मी शाळेतून साडेपाचला येते. तिने एक रविवार आणि एक शाळेचा वार असे दोन दिवस धरले आणि पुन्हा ठिपके दिले. बाबांची खुर्ची, टीव्हीसमोर. तिचं टेबल, खिडकीपाशी. मला केशरी रंग दिला होता. नकाशा बघितला तर केशरी रंगाच्या नुसत्या रेघा. मुंग्या गेल्यासारख्या, या खोलीतून त्या खोलीत. ठिपके एकाच ठिकाणी, ओट्यापुढे. आणि ते उभ्या माणसाचे, कारण उभं असेल तर ती ठिपक्याला शेपूट काढायची.

"आई, तुझी जागा कुठली?"

मी भडकले. "सगळं घर माझंच आहे की!" असं काहीतरी बोलले. वर हेही म्हटलं की परीक्षेचा अभ्यास कर, घरातल्यांची उलटतपासणी बंद कर. ती गेली उठून.

रात्री सगळे झोपल्यावर मी पाणी प्यायला उठले, आणि खरंच सांगते, घरात उभी राहून विचार करायला लागले की आत्ता पाच मिनिटं बसावंसं वाटलं तर कुठे बसू? नवऱ्याची खुर्ची त्याची. चिऊचं टेबल तिचं. पलंगावर बसलं तर झोपलेला माणूस जागा होतो. माझ्या शाळेच्या वह्या मी जेवणाच्या टेबलावर तपासते, आणि जेवायची वेळ झाली की उचलते. पुस्तकं फ्रिजवर. चष्मा खिडकीत. मला एकदम ती फिजिक्सची वही आठवली. "इथे कुणालाच एकटं बसता येत नाही." पोरगी सहा महिने हॉस्टेलमध्ये काढून हे शिकली. मी याच घरात सतरा वर्षं राहत होते.

बरं, यात कुणाचं चुकलंय असं नाही. नवरा चांगला आहे (तो हे वाचणार आहे, पण खरंच चांगला आहे). त्याने कधी "बसू नकोस" म्हटलं नाही. मामंजींनीही आत्याबाईंना म्हटलं नसणार. जागा कुणी हिसकावून घेतलेली नसते. ती ठेवलेलीच नसते, एवढंच. आणि ठेवलेली नाही हे दिसायला कुणीतरी घरात अर्धा तास नुसतं बसून बघावं लागतं. मला वाटतं तो जो विषय आहे इंटीरियरचा, तो मुळात हाच आहे. पडदे, सोफे, खोट्या छताचे दिवे हे सगळं नंतरचं.

हे मला फोनवर सांगता येत नव्हतं.

पुढचं पटकन सांगते. २०२३ च्या जानेवारीत एनआयडीची पहिली परीक्षा. मुंबई केंद्र घेतलं होतं, रात्रीची देवगिरी पकडून गेलो. पेपर झाल्यावर जे. जे. बाहेरूनच बघितलं. रविवार असल्याने आत जाता आलं नाही. सीएसटी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर. रुडयार्ड किपलिंग, 'जंगल बुक'वाला, १८६५ साली याच आवारात जन्मला, त्याचे वडील इथे शिकवायचे, हे चिऊनेच सांगितलं. ती फाटकाच्या गजांतून झाडं बघत होती, आणि नवरा फाटकाबाहेर उभा राहून तिला बघत होता. म्हणाला, "इथं लागलं तर बरं होईल." पडदेवाला नवरा तो हाच!

एनआयडीचं पहिल्याच टप्प्यात राहिलं. यादीत नंबर नव्हता. दोन दिवस घरात सुतक. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि बारावीच्या केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन बसली, कारण बोर्डाची परीक्षा काही थांबणार नव्हती. इथे एक सांगते. ज्यांची मुलं या वाटेला जाणार आहेत त्यांनी न लागण्याची तयारी आधीच करावी. देशभरातून मुलं बसतात आणि जागा मोजक्या. नाही लागलं म्हणजे मुलाला येत नाही असं नसतं. आम्हाला हे बोलायला सोपं होतं, तिला ऐकायला अवघड गेलं.

एप्रिलमध्ये सीईटी, औरंगाबादला. (छत्रपती संभाजीनगर असं नाव नुकतंच झालं होतं, आमच्या तोंडात अजून जुनंच.) मी केंद्राबाहेर झाडाखाली बसले होते. दोन-चार आया होत्या, डबे होते, उन्हाचा कहर होता. ती बाहेर आली तेव्हा बोटं काळी-निळी, ओढणीला रंग. "स्मरणचित्रात काय काढलंस?" मी विचारलं. विषय काय आला होता ते तिने सांगितलं, मी विसरलेसुद्धा. पण ती म्हणाली, "त्यात आजीचं स्वयंपाकघर घातलं. साण्यातून ऊन खाली येतं ना, ते. आणि आजी मागच्या उंबऱ्यावर." मी म्हटलं, "क्लासच्या संचातलं एकही नाही?" ती म्हणाली, "छत्रीवाला माणूस आठवलाच नाही गं."

पहिल्या फेरीत नाव नव्हतं. दुसऱ्या फेरीत लागलं. जे. जे., इंटीरियर. सरकारी कॉलेज, त्यामुळे फीसुद्धा खासगीच्या मानाने आपल्याला झेपणारी. ती गेली त्याच वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरात, जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे आता प्रवेशाचे नियम काय आहेत ते ज्याने त्याने ताजे बघून घ्यावेत, माझ्या आठवणीवर फॉर्म भरू नका.

सर मात्र एवढंच म्हणाले, "आता तिथं जाऊन परभणी विसरू नको. तिकडच्यांना ती दिसणार नाही, तुलाच दाखवावी लागेल."

गावचं माळवद त्याच उन्हाळ्यात पाडलं. खांब आणि तुळया विकल्या. चिऊने काढलेला नकाशा दिरांनी आपणहून फ्रेम करून नव्या घराच्या हॉलमध्ये लावलाय. रंगीत ठिपक्यांसकट. पाहुणे विचारतात हे काय, मग मामंजी समजावून सांगतात. पण नव्या घरात आत्याबाईंना जागा सापडेना. मागच्या दाराला उंबराच नाही, फरशी सपाट. स्वयंपाकघराला खिडकी आहे, पण ती ओट्याच्या वर, बसलेल्या माणसाला फक्त आभाळ दिसतं. काही महिने त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायच्या. सगळे ओरडायचे, "आई, पडशील!" पहिल्या सुट्टीत चिऊ गावी गेली, अर्धा तास नुसती बसून राहिली आणि मग गवंड्याला बोलावून मागच्या दाराबाहेर एक ओटा घालून घेतला. दीड फूट उंच, पाठ टेकायला भिंत, वर पत्रा. उंची तिने आजीच्या गुडघ्यावरून मोजली होती. आत्याबाई बसून बघितल्या, डावीकडे-उजवीकडे मान फिरवली आणि म्हणाल्या, "हं. दिसतं माणूस." एवढंच सर्टिफिकेट.

आणि आमच्या घरात? तिने जायच्या आधी फ्रिज हलवला. फक्त फ्रिज! तो स्वयंपाकघरातून बाहेरच्या पॅसेजमध्ये नेला, त्याच्या जागी मागच्या खिडकीखाली एक फळी भिंतीला ठोकून घेतली, वर एक दिवा, खाली एक स्टूल. साडेतीन फूट जागा असेल. माझ्या वह्या, चष्मा, दोन पुस्तकं. पहिले आठ दिवस मला तिथे बसायला कसंतरीच व्हायचं. कुणाच्या तरी जागी बसल्यासारखं. नवरा एकदा तिथे चहाचा कप ठेवून गेला तर मी म्हटलं, "उचला तो, ही माझी जागा आहे." म्हटलं आणि माझी मीच दचकले.

हे सगळं तिथेच बसून लिहिलं. बाहेर अंधार पडलाय, कुकरच्या तीन शिट्या झाल्या, चौथी होईल आता. उठते.